थिजलेल्या ओढ्याची वाट

ऐका रं, ऐका! शेकोटीत लाकूड ढकला आन् गप बसा. गंगे, तू पोटुशी, तुला उठून जा म्हणलं तरी तू जाणार न्हाईस, ठाऊक हाय मला. मग बस, आन् तूच नीट ऐक.

तर आपल्या वाडीतला बयाजी. थंडीचं दिस, दिवेलागण होऊन गेलेली, वर चांदणं न्हाई. आन् ह्यो गडी कंदील घिऊन निघाला! कुठं? वढ्यापल्याड, देवऋष्याला आणायला. का? घरात बायको, सगुणा, हातची चालली हुती म्हणून.

दुपारी बाळंत झाली. पोरगा झाला, खणखणीत रडला. मागनं वारबी पडली. सगळं बेस! पण रगत थांबंना. चिमाक्का सुईण, बाळंतपणं करण्यात जन्म गेलेला तिचा. तिनं पोट चोळलं, फडकी बदलली, रगत परातीत धरून बघितलं. एरवी कसं, जरा वेळानं साकळतं, कलेजीवाणी हुतं. ह्ये साकळंचना! नुसतं लाल पाणी. हिरड्यांतनं आलं. बांगडी फुटून ओरखडा उठला हुता, तिथनंबी आलं. आन् दुसरीकडं डावा पाय सुजून टम्म, निळा, हात लावला तर गार, आत रगत थिजल्यावाणी.

चिमाक्का म्हणाली, "बयाजी, ह्ये माझ्या हातातलं न्हाई बाबा. डोलीत घाल, डांबरीवर ने, मिळंल त्या गाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात ने."

बयाजीची आई कडाडली, "अगं, एकाच अंगात रगत वाहतंयबी आन् थिजतंयबी? असला रोग असतो व्हय कुठं? ह्ये बाहेरचं हाय. बयाजी, देवऋषी आण! आन् वाटंत कुणीबी हाक मारू दे, ओ दिऊ नगंस."

सगुणानं डोळं उघडलं. त्या काळात बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. म्हणाली, "अवो, लांब जाऊ नगा." तरी गेला.

वढ्यापाशी आला, तर वढा वाजंना. कंदील खाली धरला. अगं आई! पाणी उभं! दह्यावाणी थिजलेलं. आन् काठावरचा खडक, भर पावसाळ्यातबी आतनं कोरडा, त्यातनं पाझर. टप. टप. वाहायचं ते थिजलेलं, आन् थिजलेलं ते वाहतंय! मारुतीराया, म्हणाला बयाजी. मनातच म्हणाला, तोंड उघडतंय कुणाचं?

कसाबसा पल्याड गेला. तर कंदिलातनं रॉकेलची धार लागली. पत्रा धड, झाकण घट्ट, तरी धार! भक्कन विझला. अंधार गुडूप. फुडं पाऊल टाकाय गेला, तर डावा पाय उचलंना. आपलाच पाय, पण दगड झालेला.

आन् मागनं हाक आली, "दादा, थांब की रं."

अळवंतीण! बाळंतपणात मेलेली बाई. लुगडं खालनं भिजलेलं, थेंब गळतोय, एक पाय वढत चाललीय. अंधारात दिसली कशी म्हणून विचारू नगा, ती दिसती.

"दादा, मलाबी असंच झालं," म्हणाली. "वाहतबी हुतं आन् थिजतबी हुतं. मलाबी बाहेरचंच म्हणाले. दोन्ही एकाच रोगाचं हाय रं. रगताची थिजायची ताकद सगळी पायातच सरली, मग जखमेला काय उरणार? माघारी फिर. तिला गाडीत घाल."

सगळं ऐकलं त्यानं. शब्द न् शब्द. आन् वाटलं काय? आई म्हणाली ती हीच, भूत गोड बोलतंय, ओ दिली की संपलो! कंबरंचा इळा काढला आन् फिरवला. तिनं खांदा धरला. गार हात. "ओ तरी दे रं!" म्हणून रडाय लागली. ह्यानं हिसका दिला, सदरा टरकन फाटला, पाय सुटला. पडला, उठला, पळाला. देवऋष्याच्या उंबऱ्यावर जाऊन आदळला, तर दातखीळ बसलेली.

वाचला गडी! हसू नगा. वाचला खरा, पण कशाला?

देवऋष्याला घिऊन माघारी आला, तवा वढा खळाळून वाहत हुता. दारात आला तर आत पोर रडतंय, आन् चिमाक्का परात फुड्यात घिऊन अंगणात बसलीय. परातीतलं रगत तसंच पातळ. तिनं मान वर केली न्हाई. सगुणा गेली हुती.

देवऋष्यानं अंगारा पुडीत बांधला आन् म्हणाला, "उशीर केलास." मेल्यानं येळंवर येऊन तरी काय केलं असतं?

म्हणून सांगते, त्या वाटंनं जायचं न्हाई. भुताला भिऊन न्हवं. ती वाट दवाखान्याकडं जात न्हाई, म्हणून. ऐकतीस न्हवं गंगे? तुझ्या सासूलाबी सांग.

आता तिथं दोघी असत्यात. एक "दादा" म्हणून हाक मारती. दुसरी नुसतंच "अवो" म्हणती. बयाजी आता म्हातारा झाला, तरी रोज सांजंला काठावर जाऊन बसतो आन् ओ देतो. आता ओ दिऊन काय उपेग?