काडतुसाची कड

मास्तर : हातोडा ठेव आधी. या ठोकाठोकीत माझं बोलणं तुला ऐकूच जात नाही.

गोटलोब : ऐकू येतंय सगळं. सफरचंदं पडायला लागलीत, गावाला पिंपं हवीत. तुम्ही बोला, मी पट्टा बसवतो.

मास्तर : सोमवारी पुस्तक छापायला जातंय. आपल्या राखीव डिव्हिजनचा महायुद्धातल्या चार वर्षांचा इतिहास. दोनशे ऐंशी पानं झाली, एकच अडलंय.

गोटलोब : सॉम नदीचं.

मास्तर : मी नाव न घेताच ओळखलंस.

गोटलोब : अकरा वर्षं झोपेतसुद्धा तेच पान बघतोय. तुम्हीच तर तिथं आमचे लेफ्टनंट होता. लिहून टाका की, शत्रूच्या तोफांनी आपले एकोणीस जण मारले. चर्चबाहेरच्या दगडावर तेच कोरलंय.

मास्तर : आपल्याच तोफांनी मारले.

गोटलोब : हळू! खिडकी उघडी आहे. बहीण येईल एवढ्यात जेवण घेऊन.

मास्तर : तोफखान्याची त्या दिवसाची वही सापडलीय. त्यांचे गोळे आपल्याच खंदकात पडत होते. आपण हिरवा उजेड सोडायचा होता, म्हणजे मारा पुढे न्या. त्यांना दिसला लाल. लाल म्हणजे शत्रू अंगावर आलाय, आणखी मारा. त्यांनी मारलं. उजेडाचं पिस्तूल कुणाकडे होतं?

गोटलोब : माहीत असून विचारता? तुम्हीच दिलंत. म्हणालात, पिंपवाल्याचा हात थरथरत नाही.

मास्तर : मग?

गोटलोब : नाहीच थरथरला. पण गॅस मास्कच्या काचांवर वाफ धरली होती, पेटीत अंधार. काडतूस बोटानं ओळखायचं, असंच शिकवलं होतं ना? कड पूर्ण खरखरीत तर लाल, अर्धीच खरखरीत तर हिरवं. हा अंगठा बघा. तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून लाकूड तासतोय, निखारा ठेवला तरी पत्ता लागत नाही. शिकवताना सगळे म्हणाले, हो, कळतंय. मीही म्हणालो, हो, कळतंय. नाही म्हणायची लाज वाटली हो. आणि त्या दिवशी चाचपलं, तर हाताला काहीच लागेना. एक उचललं झालं.

मास्तर : तोफखान्याचा मेजर नाव मागतोय. ठपका त्याच्या माणसांवर नको म्हणतो. पिस्तूल तिघांना शिकवलं होतं. तू, लोहार बर्नहार्ड आणि येर्ग. ते दोघं गेले. येर्गचं नाव घातलं तर त्याला आता काय फरक पडतो?

गोटलोब : येर्ग? माझ्या बहिणीचा नवरा?

मास्तर : मीही घाबरलोय रे! पिस्तूल मी दिलं, हात तपासला नाही. त्या एकोणिसांपैकी सात जणांची पोरं रोज वर्गात माझ्यासमोर बसतात.

गोटलोब : मलाही याच गावात मरायचंय. कोण घेईल माझी पिंपं? चर्चमध्ये माझ्या बाकावर कोण बसेल? घाला. येर्गचं घाला. घालून टाका लवकर, ती यायच्या आत.

(दारात रोझीने. हातात झाकलेलं भांडं.)

रोझीने : काय रे, दोघं भूत बघितल्यासारखे? मास्तर, तुम्हीही बसा, मसूर भरपूर आहेत. कालचं भांडं कुठाय? एखादी बायको आणली असतीस, तर माझी रोजची ही चढण वाचली असती.

मास्तर : नको, मी निघतोच.

रोझीने : थांबा की. पुस्तकात आमच्या येर्गचं नाव आहे ना?

मास्तर : येईल.

रोझीने : आमची पोरगी लेने डोकं खातेय माझं. जन्मली तेव्हा बाप तिकडेच, दगडावरच वाचलाय तिनं. म्हणते, आई, दगडावर नुसतं नाव असतं, पुस्तकात बाबांनी काय केलं तेही असेल. काय लिहिलंय?

मास्तर : गोटलोबला विचार.

रोझीने : त्याला? अकरा वर्षांत येर्गबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यानं. म्हटलं, मनाला लागलंय, कशाला छळा.

गोटलोब : रोझीने, भांडं खाली ठेव. आणि माझ्या या अंगठ्यात नख रुतव.

रोझीने : वेड लागलं का तुला?

गोटलोब : रुतव म्हणतो ना!

रोझीने : रुतवलं. रक्त येईल आता, हात काढ.

गोटलोब : मला काही कळत नाहीये. तेव्हाही कळलं नाही, लाल की हिरवं. पिस्तूल माझ्याकडे होतं, रोझीने. तोफा आपल्याच होत्या. मी बोलावलं त्यांना. मास्तर, माझं नाव लिहा. आत्ता, माझ्यासमोर लिहा, नाहीतर मी परत घाबरेन.

मास्तर : लिहितो. पिस्तूल कुणी दिलं, तेही लिहितो.

गोटलोब : रोझीने, बोल काहीतरी. शिव्या घाल.

रोझीने : येर्ग कुठं होता?

गोटलोब : माझ्यापासून दहा पावलांवर.

रोझीने : ओरडला?

गोटलोब : नाही. तेवढा वेळच मिळाला नाही त्याला.

रोझीने : बस, जेवून घे. हे भांडंही मी आजच घेऊन जाणार आहे. उद्या ही चढण चढणार नाही.