बेटावरचा तलाव

गोंदिया स्टेशनात कलकत्त्याच्या गाडीसाठी बसलेल्या जमुनाबाईंना परक्यांचे बोलणे ऐकण्याची मुळीच हौस नव्हती. पण शेजारच्या बाकावरचे नवरा-बायको, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्या कोहळी जातीचे, कुजबुजत नव्हते.

“आगबोटीनं अंदमान. मंग जंगलखात्याच्या होडीनं या बेटावरून त्या बेटावर.”

“अन् प्यायचं पाणी?”

“होडीत भरून न्यावं लागते. समुद्र तं खारा.”

“पाऊस नाही पडत?”

“आपल्यापेक्षा जास्त.”

“मंग तलाव काऊन नाही बांधला कोणी?”

“मी लाकडं मोजाले जाऊन राहिलो, चंद्रकांता. मले गाडीत बसवून तू घरी जा.”

“मी तुमाले पोचवाले नाही आलो. गाठोड्यात फावडं बांधलं आहे.”

“बापा! तिकीट तं एकच काढलं मी!”

जमुनाबाईंनी चष्मा सावरला.

“अहो, गाडीला अजून अवकाश आहे. दुसरे काढा.”