एर्विनची गाळणी

—नाही, ‘मोकळी’ म्हणू नकोस. इथं सगळेच म्हणतात, ‘गाडी मोकळी करून द्या’ — जणू बिचारीला कुणी दावणीला बांधलं होतं! आयुष्यभर शाळेत शिकवलंय मी, शब्द वाकडा पडला की खुपतो. डिझेल गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत, एक डबा असतो; त्यात काजळी अडवणारी गाळणी. डबा कापायचा, गाळणी फोडून काढायची, रिकामा डबा पुन्हा सांधायचा, आणि गाडीच्या संगणकाला पढवायचं की गाळणी जागेवर आहे. याला मोकळं करणं म्हणत नाहीत, कॅलम, पोकळ करणं म्हणतात. बस इथं. डार्सी सुटे भाग आणायला गेलाय, येईलच. माझा मुलगा तुला ‘नाही’ म्हणणार नाही — म्हणून तर तो यायच्या आत बोलून घेतेय.

दिवा लागतो? ताकद जाते? जाणारच! घर ते गोदाम, गोदाम ते घर, एवढंच तुझं चालवणं. काजळी जळायला नळी तापावी तर लागते ना? हमरस्त्याला लाग, होर्शमपर्यंत न थांबता जा, विझेल दिवा. हसतोस काय? — हं, एर्विन. वाटलंच मला. या गावचा जावई झालास आणि सासऱ्यानं पहिली गोष्ट तीच सांगितली असणार — गाळणी तुंबली, ऐन आगीत एर्विन शिर्मरच्या पिकअपचा जोर गेला, मागून ज्वाळांनी गाठलं. पोरंसुद्धा सांगतात आता.

त्या दिवशी उत्तरेचा तापलेला, कोरडा वारा होता. तसा वारा सुटला की बिनतारी संचावर कुणीतरी हाक देतो, ‘थांबवा रे!’ — आणि सगळी कापणीयंत्रं जागच्या जागी उभी राहतात. कुणाच्या हुकुमानं नव्हे, शेजारधर्मानं, आपल्या ठिणगीनं दुसऱ्याचा गहू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी हाक एर्विननंच दिली होती! आणि मग मेंढरांच्या हौदात पाणी आहे का बघायला पिकअप घेऊन धसकटांतून निघाला. आपण सगळे हेच करतो — यंत्र थांबवतो, पिकअप नाही. तिच्यात गाळणी असते, ठिणगी बाहेर पडेल कशी?

आग विझल्यावर मी विझवणाऱ्या माणसांना सँडविचं घेऊन गेले होते. पाहिलंय मी. आग एका जागी लागलेली नव्हती. चढावर, जिथं इंजिनावर भार येतो तिथं, त्याच्या चाकोरीच्या कडेनं — इथं एक काळा डाग, तिथं एक, आणि प्रत्येक डाग वाऱ्याच्या दिशेनं रुंदावत गेलेला. त्यानं आरशात पाहिलं असेल आणि गाडी वळवली असेल. पिकअपच्या पाठीवर पाण्याची टाकी होती ना. एर्विन काही पळणाऱ्यातला नव्हता.

जळालेली पिकअप आमच्याच अंगणात आणून टाकली. मी वाकून पाहिलं. डबा होता. त्यावरचं वेल्डिंग माशाच्या खवल्यांसारखं, एकसारखं — लेकराचं अक्षर आईला कळत नाही होय? नळी तुटलेली होती, हात घातला, तो आत जातच राहिला. डार्सी म्हणाला, ‘आई, वितळली असेल.’ चिनीमातीच्या जातीची असते ती, गवताच्या आगीत वितळत नाही. हे मला त्यानंच कधीतरी शिकवलेलं. मी म्हटलं, ‘असेल.’

—हे नव्हतं सांगायचं मला. होर्शमला जा, एवढंच सांगायचं होतं.

एर्विनला ठाऊक नव्हतं कसं? होतं की! स्वतःच काढून घेतली होती. पण काढून घेतात सगळे, बोलत कुणी नाही — दंड आहे ना — बायकोलाही सांगत नाहीत. आणि मग स्वतःच विसरतात. गाळणी जाते, तिच्या भरवशावरची सवय राहते. लॉर्नाला, त्याच्या बायकोला, अजून माहीत नाही. दफनानंतर चर्चच्या दालनात, हातात चहाचा कप, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘डार्सी, ती मेली गाळणी सगळ्यांच्या गाड्यांतून काढून टाक रे. आणखी कुणाचं घर बसायला नको.’ तो ‘हो’ म्हणाला. काय म्हणणार? तेव्हापासून येईल त्याची काढतोय. थांबला तर लोक विचारतील, का थांबलास. धड जेवत नाही, वारा फिरला की बिनतारी बंद करून बसतो — आणि साऱ्या पंचक्रोशीत धसकटांतून पोकळ गाड्या हिंडतायत, कापणी तोंडावर आलीय, आणि आता तुझीही...

फाटकाशी धूळ बघ. आलाच. घे तुझी किल्ली. हात हलव, हवापाण्याचं बोल आणि नीघ. सासरा पुन्हा ती गोष्ट सांगायला बसला तर ऐकून घे. गावात सगळं बरोबर सांगतात — वारा, मेंढरं, टाकी, सगळं. चूक एकच. गाळणीनं एर्विनचा जीव घेतला म्हणतात. त्या गाडीत गाळणी नव्हतीच.

—आलास का रे, डार्सी? नाही, काही काम नाही त्याचं. चाललाच होता तो.