डावीकडचा मागचा दिवा

नाही, मला एक सांगा, धडक कुणी मारली? त्यांनी. दिवा कुणाचा फुटला? माझा. आणि समजूत कुणाची काढायची, तर माझीच, की जाऊ द्या हो, गाडी म्हातारी झाली, सोडा आता तिला... म्हणजे एखाद्यानं माझा पाय मोडायचा आणि वर म्हणायचं, तसंही तुमचं चालायचं वय राहिलं नव्हतं. हे ज्यांनी केलं ते माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिमेंटच्या कंपनीत मोठे साहेब, बोलायला लागले की समोरचा माणूस ओतल्यासारखा जागच्या जागी घट्ट होतो. त्यांनी नवीन गाडी घेतली. पांढरी, उंच, पुढं टीव्हीएवढा पडदा, गाडी बोलते काय, मागचं दाखवते काय, आणि तो पडदा मागचं सगळं दाखवत असताना हे आमच्याच दारात मागे आले आणि माझ्या उभ्या गाडीचा डावीकडचा मागचा दिवा फोडला. उतरले, आधी स्वतःच्या गाडीवरून हात फिरवला, ओरखडा नाही बघून समाधान पावले, आणि मला म्हणतात, "सुटलात तुम्ही. आता तरी भंगारात घाला."

आणि गाडी चालत होती, तुम्हाला सांगतो.

माझी गाडी म्हणजे काय, राखाडी, चार दारांची, मुलगी पोटात असताना घेतलेली. आता ती मुलगी नोकरी करते. एके काळी आमच्या रस्त्यावर अशा गाड्या इतक्या होत्या की मी एकदा दुसऱ्याच्याच गाडीत बसलो. किल्ली लागली, दार उघडलं, आरसा सारखा केला, आणि मग शेजारच्या सीटवर कुणाची तरी लाल छत्री दिसली तेव्हा कळलं. इतक्या दिसायच्या की दिसायच्याच नाहीत, समजतंय ना? आणि आता शोधायला जा, एक नाही. गेल्या कुठं? चोरीला म्हणावं तर चोरही हात लावत नाहीत.

तर मी दिवा आणायला कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "सर, ही गाडी नाहीये."

म्हटलं, "खाली उभी आहे."

"पण सिस्टीममध्ये नाहीये, सर. मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाहीत."

"मी तिच्यातूनच आलोय हो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की आता हा माणूस तरी सिस्टीममध्ये असेल का.

मग विम्याचा माणूस आला. गाडीभोवती एक फेरी मारली, फुटलेल्या दिव्यात बोट घातलं, पत्रा थोडा आत गेला होता तो दाबून बघितला आणि म्हणाला, "टोटल."

म्हटलं, "टोटल किती?"

"टोटल म्हणजे टोटल. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. गाडी संपली."

एक लाल प्लास्टिकचा तुकडा, आणि गाडी संपली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, या गाड्या जातात कशा. म्हातारपणानं नाही जात हो. चांगल्या चालत्याबोलत्या जातात. एक दिवा मिळत नाही, एक दाराची मूठ मिळत नाही, कुणीतरी फेरी मारतो आणि टोटल म्हणतो. महागड्या गाड्या बघा, त्यांना लोक पांघरूण घालून झोपवतात, त्यांचे वाढदिवस करतात. आपल्या गाडीनं मुलं शाळेत सोडली, आजारी माणसं दवाखान्यात नेली, फ्रीज वाहिले, तिला कोण जपणार? आणि ती तर चालत होती, तुम्हाला सांगतो. विम्याचा माणूस बस चुकली म्हणाला, त्याला मी तिच्यातूनच स्टँडवर सोडलं.

मग मात्र मी ठरवलं. विम्याला नको म्हणून सांगितलं, आणि सूड घ्यायचा. साडूंचा. तुम्हाला वाटेल मी सज्जन दिसतो, पण मी फार वाईट माणूस आहे, वेळ मिळाला पाहिजे फक्त. पहिलं काय केलं, दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो, तर गाडी बरोब्बर त्यांच्या बैठकीच्या खिडकीसमोर लावायची, पाठ खिडकीकडे. फुटका दिवा सरळ साडूंच्या खुर्चीला दिसला पाहिजे. बायको म्हणायची, "अहो, पलीकडे सावली आहे, तिकडे लावा ना." म्हटलं, इथेच. शिवाय उतरून फडकं घेऊन तेवढाच कोपरा पुसायचो, रमतगमत. साडूंनी काय केलं? पडदा ओढून घेतला.

आता माझा धंदा सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्य माप पाठवतात, मी प्लास्टरमध्ये साचा काढतो, मेणात हिरडी घडवतो, दात बसवतो. म्हटलं, जो माणूस आख्खा जबडा बनवतो त्याला एक दिवा जड आहे का? उजवीकडच्या चांगल्या दिव्याचं माप घेतलं, प्लास्टर ओतलं, सुंदर दिवा निघाला, आणि तो उजवीकडेच बसतो. डावीकडे कसा बसेल? दिवसभर मला हे सुचलं नाही. मग मेणावर हातानं डावा कोरला, ओतला, घासला, पॉलिश केला. फक्त माझ्याकडे रंग एकच, हिरडीचा. बायको बाहेर येऊन बघते आणि म्हणते, "अहो, गाडीनं जीभ काढल्यासारखं दिसतंय."

चौकात पोलिसानं थांबवलं. मागे गेला, वाकून बघितलं, बोट लावलं.

"हे काय आहे?"

"दिवा."

"कशाचा?"

आता खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "हिरडीचा."

त्यानं ते बोट पँटला पुसलं. मग म्हणाला, "काका, गाडी चालते का?"

म्हटलं, "चालते."

"मग जा. पण लाल लावून घ्या."

लाल कुठून लावू? शेवटी गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात गेलो. आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या तिथे होत्या. रस्त्यावरून गेलेल्या सगळ्या. एकीवर एक रचलेल्या, काचा नाहीत, चाकं नाहीत, एखादीच्या मागच्या सीटवर अजून लहान मुलाचा बूट. मी राखाडी शोधत हिंडत होतो आणि एका गाडीपाशी थांबलो. आत निळ्या चौकड्यांचं सीटकव्हर. पाठीला बटणं, त्यातलं एक तपकिरी.

ते कापड मी ओळखणार नाही? माझ्या गाडीतही तेच आहे. साडूंनी आणि मी एकाच साली एकसारखी गाडी घेतली होती, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, दोन्ही गाड्यांची कव्हरं एका ताग्यातून घरी शिवली होती. त्यांच्या कव्हरासाठी एक बटण कमी पडलं, म्हणून तपकिरी. ताईंचा जीव होता त्या गाडीवर. त्यांच्या आईला शेवटचं त्याच गाडीतून घरी आणलं होतं. नवीन गाडी घेताना त्या रडल्या, तेव्हा साडू काय म्हणाले होते? "अगं, एका डॉक्टरांनी घेतलीय. राणीसारखी ठेवलीय तिला." दर सणावाराला डॉक्टरांची खुशाली सांगायचे.

मी भंगारवाल्याला विचारलं, "ही अशीच बंद पडलेली आली का?"

"नाही मालक, चालवत आणली साहेबांनी. जुनी मोडली की नवीनवर सूट मिळते ना. चालू गाडी होती."

चालत होती. ऐकलंत?

मी डावीकडचा मागचा दिवा काढला. आणि ते कव्हरही काढलं. घरी आणून स्वतःच्या हातानं धुतलं, इस्त्री केली, कागदात बांधलं.

रविवारी जेवायला बसलो. साडूंनी पडदा जरा सरकवला आणि म्हणाले, "अरे वा, लाल दिवा. कुठं मिळाला?"

म्हटलं, "एका डॉक्टरांकडे."

त्यांचा घास हातात राहिला. मी ताईंच्या हातात पुडकं दिलं. त्यांनी सोडलं, तपकिरी बटणावरून अंगठा फिरवला, आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, "राणीसारखी ठेवली होती ना?"

साडू म्हणाले, "अगं, ते त्या डॉक्टरांनीच बहुतेक..."

"जेवून घ्या," ताई म्हणाल्या आणि कव्हर घेऊन आत गेल्या. बायको त्यांच्यामागे गेली. बाहेर आम्ही दोघं. साडू ताटातला भात नुसता चिवडत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आणखी थोडं वाढून घेतलं.

आणि एवढ्यावर संपलं नाही. त्यांच्या गाडीला अजून धड दोन वर्षंही झाली नव्हती, तोच एक दिवस तो पडदा काळा पडला. पडदा काळा, म्हणजे गाडी सुरू होत नाही, काच खाली येत नाही, साडू आत आणि गाडी मुकी. उचलून शोरूमला नेली. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मऊ आवाजात सांगितलं, सर, हा पडदा आता येत नाही, मॉडेल बदललं. पांढरी, चकचकीत, एक ओरखडा नसलेली गाडी. टोटल. बातमी ऐकली तेव्हा मी एक खालची कवळी घासत होतो, आनंदाच्या भरात दोन दाढा सपाट केल्या.

पण मग ताईंचा फोन आला, बायकोला. म्हणाल्या, यांना मी बजावलंय, या घरात आता नवीन गाडी येणार नाही, एकीला मारून दुसरी आणलीत तेवढं पुरे. यांचं ऑफिस भाऊजींच्याच रस्त्यावर आहे, भाऊजी सोडतील. भाऊजी म्हणजे मी. मला कुणी विचारलं? बायको म्हणाली, "हो म्हणून सांगितलंय."

तेव्हापासून रोज सकाळी साडू माझ्या शेजारी बसतात. मांडीवर डबा, एक हात वरच्या कडीला. "क्लच हळू सोडा." "इथे तिसरा चालेल." "पुसता की नाही काच?" मी घेतलेला सूड रोज सकाळी पट्टा लावून माझ्या बाजूला बसतो, जाताना आणि येतानाही. परवा सिग्नलला मागच्या पोरानं हॉर्नवर हॉर्न मारला, तर साडूंनी काच खाली केली, अर्धे बाहेर निघाले आणि त्याला सुनावलं, "आमची गाडी अशीच निघते. घाई असेल तर उडून जा."

आमची, म्हणाले.

मग आत येऊन बसले, पट्टा सारखा केला आणि मला म्हणाले, "टाका आता पहिला."

टाकला. काय करता?