यादोरावांचा मालधक्का

...अन् बसायचं कुठं, हे सांगा ना मला! केशोरीहून पाहुणे पोरगी पाहायला येऊन रायले, अन् यादोरावांच्या हॉलमध्ये दिवाणावर रूळ, टेबलावर रूळ, टीव्हीच्या खाली रूळ! तुम्हाला सांगतो, मी शेजारचाच, डोळ्यांनी पाहिलं. यादोराव बँकेतून रिटायर झाले, लोक तीर्थाला जातात, यांनी बोटाएवढ्या डब्यांची मालगाडी आणली. बरं, आणली तर फिरवा गोल गोल! नाही. तिच्यात माल भरायचा, उतरवायचा. काऊन? तर म्हणे, भरून गेलेली गाडी तशीच भरलेली परत येते का कधी? खऱ्या मालधक्क्यावर असं नसते!

मग काय, त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, नखाएवढी पोती शिवायची, त्यात तांदळाची कणी भरायची. एकदा त्या म्हणाल्या, कणीऐवजी कापूस भरला तर कोणाला दिसते? यादोराव असे पाहून रायले, जशी बाईनं देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. कापसाचं पोतं हलकं पडते म्हणे, खऱ्या मालधक्क्यावर वजन दिसते! वजन... ज्या माणसानं जन्मात दुकानातून तांदळाची थैली घरी उचलून आणली नाही, तो वजन शिकवते!

तर पाहुणे आले. मुलगा ओमेश, अन् त्याचे वडील ईश्वरदास, चांगले धानाचे शेतकरी. चपला काढून उभे. यादोराव गुडघ्यांवर, हातात पोरीचा भुवयांचा चिमटा, डब्यातून एक पोतं काढतात, धक्क्यावर ठेवतात, अन् दम खातात... हो, दमही खातात, हमाल खाते ना! नंदाबाई दात-ओठ खात हळूच म्हणाल्या, पाहुणे उभे आहेत. हे म्हणतात, गाडी रिकामी झाल्याशिवाय हलत नाही, खऱ्या मालधक्क्यावर...

पुढचं बाईंनी ऐकलंच नाही. आत पोरगी, रेणू, पोह्यांचा ट्रे धरून ताटकळलेली, चांगलं स्थळ डोळ्यांदेखत निघून जाईल ही धास्ती. बाईंनी अख्खी गाडी उचलली अन् सुपात उलटी केली.

"झाली रिकामी. बसा."

अन् तुम्हाला सांगतो, ईश्वरदास बसले, पण दिवाणावर नाही, सुपाजवळ, खाली! म्हणतात, वहिनी, धान असं फेकत नसतात, एकेक उतरवा लागते. अन् लागले पोती वेचायला. दोन पिकल्या डोक्यांची माणसं एका चिमट्यासाठी भांडून रायली! इकडे बाईंना वाटलं, हे खूळ त्याही घरात आहे तर! पोरीला एका यार्डातून दुसऱ्या यार्डात पाठवायचं? मोडलेलं बरं, असं त्यांनी मनात पक्कंही केलं.

तेवढ्यात रेणूनं ट्रे ठेवला अन् ओमेशला सरळ विचारलं, "तुम्हाले आहे का हा नाद?"

पोरगा आधी बापाकडे बघते, मग खाली बघते. "मले तर गाडी पाहिली का झोप येते."

"मग मले पसंत आहे," रेणू म्हणाली.

झालं, ठरलं लग्न. लग्नाची बोलणी राहिली बाजूला, व्याही दर बाजाराला केशोरीहून येतात, रुळाशी बसतात. परवा मी नंदाबाईंना म्हटलं, चला, तुमची रेणू तर सुटली.

"ते सुटली बापा," बाई गॅस लावत म्हणाल्या. "मी आता दोन हमालांचा चहा करून रायली."