टॉवेलची दांडी

काकू : आणि घर बघायला आलेल्यानं पुन्हा विचारलं तर?

एजंट : पुन्हा ‘नाही’. काकू, वर एक अक्षर बोलायचं नाही. ‘या घरात कोणी गेलंय का?’ ‘नाही.’ संपलं.

काकू : दवाखान्यात गेले म्हटलं तर? तेवढंच जरा कमी खोटं.

एजंट : दवाखाना म्हटलं की आजार आला. आजार म्हटलं की, कुठल्या खोलीत झोपायचे? मागच्या खेपेच्या त्या मास्तरीणबाई तिथूनच तर परत फिरल्या. काकांचा फोटो उतरवलात ना?

काकू : उतरवला. कपाटात ठेवलाय. भिंतीकडे तोंड करून ठेवा म्हणालास, ते नाही जमलं मला.

एजंट : असू दे. आणि तळमजल्याच्या त्या खोलीबद्दल चकार शब्द नको. तुम्हाला घाई आहे असा नुसता वास लागला तरी दर खेपेला मापं घेणारा हा टेपवाला डोक्यावर बसेल.

काकू : घाई नाही तर काय रे? चार महिने झाले, मी जिना उतरलेली नाही. गुडघे नाहीच म्हणतात. ती खोली बहिणीच्या शेजारची, दार उघडलं की पाय जमिनीवर. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय.

एजंट : म्हणून तर जिवाचं रान करतोय. आज होकार घेतल्याशिवाय सोडत नाही त्यांना. आले बघा. या साहेब, या! सावकाश.

टेपवाले : अठ्ठ्याहत्तर.

एजंट : काय?

टेपवाले : पायऱ्या. मागच्या वेळी सत्त्याहत्तर भरल्या होत्या.

एजंट : एक वाढवून घेतली, साहेब. खास तुमच्यासाठी.

टेपवाले : चेष्टा ऐकायला मी चार मजले चढलो नाही. ही पाचवी खेप आहे माझी.

काकू : पाणी घ्या.

टेपवाले : नको. हे टोक धरा जरा. तिथं नाही हो, खाली, फरशीला टेकवा. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्वयंपाकघर अंधारं आहे. बाल्कनी म्हणजे नुसतं नाव. खुर्ची ठेवली तर माणूस बाहेर.

एजंट : पण ही खिडकी बघा ना! सकाळचं ऊन थेट पलंगावर. सगळ्या इमारतीत अशी खिडकी नाही.

टेपवाले : खिडकीबद्दल तक्रार नाही. आमच्या हिला खिडकी फार आवडलीय. खरं सांगायचं तर घरच आवडलंय.

एजंट : मग झालं तर! काकू, ऐकलंत?

टेपवाले : थांबा. एक विचारायचंय. बाथरूममध्ये ती दांडी कसली?

एजंट : टॉवेलची.

टेपवाले : पावणेतीन फुटांवर? टॉवेल लोळेल फरशीवर.

एजंट : काकूंची उंची बघा ना, साहेब.

टेपवाले : बघतोय. त्या काही पाच वर्षांच्या नाहीत. आणि पलंगाशेजारच्या भिंतीत चार भोकं बुजवलीत. मोजली मी. तीही पावणेतीन फुटांवर, पलंगापासून सरळ दारापर्यंत. म्हणजे इथून कोणीतरी धरत धरत जायचं. कोण?

एजंट : काकूंचे यजमान. पाय जरा अधू होते.

टेपवाले : होते?

एजंट : आहेत. हल्ली मुलीकडे असतात.

टेपवाले : काकू, मुलीकडे असतात का?

एजंट : सांगा ना, काकू.

काकू : मुलगी नाही आम्हाला.

एजंट : काकू!

काकू : इथेच गेले. त्याच पलंगावर. दाढी करून दांडी धरत धरत आले, टेकले, म्हणाले, खिडकी उघड. मी उघडली. वळून बघते तर झालेलं होतं. ऊन दिसलं का त्यांना, तेवढं कळलं नाही मला.

टेपवाले : बसतो जरा.

काकू : बसा ना.

टेपवाले : माझं म्हणाल तर मी असलं काही मानत नाही. पण ही विचारेल. तिला खोटं सांगायची सवय नाही मला.

एजंट : साहेब, माणसं घरातच जातात हो. कुठलंही घर घेतलंत तरी—

टेपवाले : कळवतो.

एजंट : कधी?

टेपवाले : कळवतो म्हटलं ना. टेपचं टोक सोडा.

(टेपवाले जिना उतरून जातात.)

एजंट : नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, काकू.

काकू : तू ‘नाही’ शिकवलंस. ‘हो’ कधी शिकवलंस?

एजंट : खरंय. मुलगी माझ्याच तोंडून निघाली. आठ महिने थापा मारतोय, कुणाला काय सांगितलं तेच आता लक्षात राहत नाही. वीट आलाय मला.

काकू : अकरा जणांना ‘नाही’ म्हणाले मी. दर वेळी वाटायचं, कपाटातून ऐकतायत. आज जीभच उचलेना.

एजंट : आणि त्या अकरांपैकी एकानंही घर घेतलं नाही.

काकू : खोलीचा मालक थांबेल का रे आणखी थोडं?

एजंट : नाही थांबणार. काल दुसऱ्या कुणालातरी शब्द दिलाय त्यानं. आजचं जमलं असतं तर हातापाया पडून फिरवला असता त्याला.

काकू : कालच सांगायचंस.

एजंट : तोंड उघडेना माझं.

काकू : बरं.

एजंट : स्क्रूड्रायव्हर आहे का घरात? ती दांडी काढतोच आता. उद्या एक जोडपं येतंय.

काकू : काढू नकोस.

एजंट : अहो, तिच्यापायीच तर सगळं फिसकटलं!

काकू : आंघोळ झाली की तिलाच धरून उठते मी आता.

एजंट : कधीपासून?

काकू : झाले बरेच दिवस. ते जोडपं किती वाजता येतंय?

एजंट : दहाला.

काकू : येऊ दे. टॉवेल टाकून ठेवते मी तिच्यावर.