गुंडाचा दम

जबाब, दि. ११/०१/२०२६

मी मानसिंग येडू पांढरे, वय ४९ वर्षे, धंदा एसटीत वाहक, शिवाय जिल्ह्याचा कबड्डी पंच, राहणार नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून हवालदार गुरुशांत यांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी केराबाई हिच्यासह राहण्यास आहे. पत्नीचे माहेर केम, ता. करमाळा. ज्यांच्याविरुद्ध आज तक्रार आली ते शहाजी प्रभू देवकते हे केमच्या संघाचे प्रशिक्षक असून माझ्या पत्नीचे सख्खे भाऊ आहेत. ते मला दाजी म्हणतात. ही गोष्ट पुढे कोणीतरी मोठा शोध लावल्यासारखी सांगणारच आहे, म्हणून मीच आधी सांगितली. बसमध्ये 'पुढं सरका' म्हटलं तर माझं कोणी ऐकत नाही, मैदानावर शिट्टी मारली की चौदा धट्टीकट्टी माणसं जागच्या जागी थांबतात. पंच होण्यामागे माझा दुसरा कोणताही हेतू नाही.

आज रविवारी नातेपुते येथे जिल्हा अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेच्या ब गटाचा अंतिम सामना होता. हवालदारांनी ब गट म्हणजे काय असे विचारले. अ गटात मोठी मंडळे असतात. त्यांच्याकडे मॅट असते, बूट असतात आणि फ्लेक्सवर खेळाडूंपेक्षा पुढारी जास्त असतात. उरलेली सगळी मंडळे ब गटात, मातीवर, अनवाणी. ब गट जिंकेल ते मंडळ पुढच्या वर्षी अ गटात खेळते. हरेल ते जिथल्या तिथे राहते.

सामना एक्स्प्रेस क्रीडा मंडळ, केम आणि नवी बोरवाडी क्रीडा मंडळ यांच्यात होता. केमचे मंडळ मागच्या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात हरले आहे. बोरवाडी हे उजनीच्या पाण्याकाठचे गाव, ते अंतिम सामन्यात पहिल्यांदाच आले. दोन्हीकडची माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आली होती. बोरवाडीत आज केळीला पाणी कोण देतंय, असे मी एकाला विचारले. तो म्हणाला, "केळी काय पळून जात्यात व्हय?"

येथे हवालदारांनी मला थांबवून, सामना नको, मारामारी सांगा, अशी समज दिली. मी म्हणालो, सामना वगळला तर मारामारी कशावरून झाली ते तुम्हाला साहेबांना सांगता येणार नाही. त्यावर त्यांनी पुढे टाइप केले.

पूर्वार्धात केमची पोरे फार पुढे गेली. त्यांची पकड म्हणजे एकाने घोटा धरला की बाकीचे भिंतीसारखे येऊन कोसळतात. शहाजी रेषेबाहेरून ओरडत होते, "घाई न्हाय, घाई न्हाय, येऊ द्या त्याला आत." उत्तरार्धात बोरवाडीचा गुंडा नगरे चढाईला आला. हा पोरगा धरणाच्या पाण्यात बुडी मारून शेतीपंपाच्या मोटारीचे गाळात अडकलेले फूटव्हॉल्व्ह काढून देतो. त्याचा दम लांब आहे हे काठावरच्या सगळ्या गावांना माहीत आहे, केमला माहीत नव्हते. तो आत जाऊन उभाच राहिला. नुसता उभा, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू. केमच्या कोपऱ्यातल्या पोराला ते सहन झाले नाही, त्याने झेप घेतली आणि गुंडा त्याच्या डोक्याला हात लावून परत. असे त्याने एकेक करून अर्धा संघ बाहेर काढला. मग लोण चढला. लोण चढला म्हणजे केमचे सातही गडी बाद झाले. बोरवाडीच्या एका म्हाताऱ्याने डोक्याचा पटका काढून हवेत उडवला, तो माझ्या अंगावर पडला. त्याबाबत माझी तक्रार नाही.

हवालदारांनी टाइप करणे थांबवून "मग?" असे विचारले. हे त्यांनी स्वतःहून विचारले, याची नोंद घ्यावी.

मग गुण एकतीस-तीस झाले. केम एकाने पुढे, चढाई शेवटची, चढाईला गुंडा. पोरगा वाकून रेषेला हात लावून आत गेला आणि मैदानाभोवती इतकी शांतता पडली की त्याचा कबड्डी कबड्डी मागे ट्रॉलीवर बसलेल्यांना ऐकू जात होता. या वेळी केमने घाई केली नाही. त्यांनी त्याला पार आत येऊ दिले, मग साखळी वळवली. एकाने घोटा, एकाने कंबर, वरून तिघे. पाच जण अंगावर घेऊन गुंडा मध्यरेषेकडे सरपटत निघाला. एक हात पुढे, बोटे मातीत. रेषा वीतभर लांब. नियम असा की रेषेला हात लागेपर्यंत त्याचा दम टिकला, म्हणजे एका श्वासात कबड्डी म्हणणे चालू राहिले, तर धरणारे पाचही बाद आणि सामना बोरवाडीचा. मध्ये श्वास घेतला तर तो बाद आणि सामना केमचा.

दोन्ही गावे एकदम ओरडू लागली. त्या ओरड्यात गुंडाचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. तेव्हा शहाजी माझ्याकडे हात करून मोठ्याने म्हणाले, "दाजी, दम बघा. दम बघा त्याचा."

बोरवाडीकरांच्या तक्रारीत हेच वाक्य 'पंचास दम दिला' असे लिहिले आहे. हवालदारांनी विचारले की दम देणे म्हणजे धमकी देणेच ना. मी सांगितले, ठाण्यात धमकी, कबड्डीत श्वास. शहाजींनी मला काही दिले नाही, गुंडाकडे काय शिल्लक आहे ते बघायला सांगितले. हवालदार अक्कलकोटकडचे असून त्यांनी "हौदा?" म्हणजे 'असं होय?' असे कानडीत म्हणून दोनदा मान हलवली.

दम बघायचा तर कान तोंडापाशी न्यावा लागतो आणि तोंड पाच माणसांच्या खाली होते. म्हणून मी मैदानावर पालथा पडलो आणि ढिगाला कान लावला. एकोणपन्नासाव्या वर्षी मी इतक्या चपळाईने पडेन असे मलाही वाटले नव्हते, लोकांना तर नाहीच वाटले. माईकवर ऋतुराज नावाचा निवेदक होता. त्याने "पंच पडले, पंचसाहेब पडलेले आहेत" असे जाहीर केले. बोरवाडीकर ओरडले, "मेव्हण्यानं पाडलं." केमकर ओरडले, "चक्कर आली त्यांना, म्हातारा झालाय." पुढचे काम खुर्च्यांनी केले.

त्या गर्दीत मला तुडवले जाऊ नये म्हणून शहाजींनी काखेत हात घालून ओढत बाहेर काढले. लांबून ती झटापट दिसली असेल. मला कोणीही मारलेले नाही. माझ्या गुडघ्याला खरचटले आहे ते पडताना. शिट्टी गर्दीत हरवली. मी निर्णयाचा हात वर केला होता, पण त्या वेळी मैदानात सगळ्यांचेच हात वर होते. त्यामुळे निर्णय कोणालाही कळलेला नाही.

आता दोन्ही गावे ठाण्याच्या आवारात उभी आहेत, बोरवाडी फाटकाजवळ, केम नळाजवळ. बोरवाडीचे म्हणणे, मेव्हण्याने दाजीला मारले, म्हणजे निकाल केमच्या विरुद्ध होता, म्हणजे आपण जिंकलो. केमचे म्हणणे, पंच शुद्धीवरच नव्हता, सामना पुन्हा घ्या. मला विचारावे असे दोघांनाही सुचलेले नाही. संयोजकांचा मात्र फोन आला की निर्णय काय तो सांगा, चषक टेबलावर पडून आहे. हवालदारांनी विचारले, "पांढरे, लिहू काय?"

तरी मी सांगतो की, ढिगाखाली मला सहा जणांचा आवाज येत होता. पाच जण धापा टाकत होते. धाप तुटक असते, ती ओळखू येते. त्या पाचांच्या खाली एक आवाज सलग चालू होता, बड्डी बड्डी बड्डी. त्यात क नव्हता, कारण पोराच्या तोंडात माती होती. नियमात शब्द स्पष्ट हवा असे आहे. पण नियम लिहिणाऱ्याच्या अंगावर त्या वेळी पाच जण नसणार. श्वास मध्ये कुठेही घेतलेला नव्हता. बोटे पांढऱ्या फक्कीच्या मध्यरेषेत रुतलेली मी डोळ्यांनी पाहिली, त्यानंतर तो खोकला. आधी रेषा, मग खोकला. निर्णय बोरवाडी. घरी गेल्यावर पत्नी काय म्हणेल ते याच ठाण्याच्या हद्दीत येते, तरी मी संरक्षण मागत नाही.

शहाजी समोरच्या बाकावर बसून हे ऐकत होते. हवालदारांनी त्यांना विचारले की तुम्ही दम बघा म्हणालात, तुम्हाला आवाज आला का. त्यांनी खिडकीतून नळाकडे पाहिले. मग म्हणाले, "आला की. दाजींना उचलायला वाकलो तवा आला. लई दम हाय पोरात." थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "दाजी, माज्या पोरांना तुमी नका सांगू. मी सांगतो." हवालदारांनी त्यांना बाहेर जाण्यास परवानगी दिली.

माझी शहाजी देवकते यांच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला असून, शहाजी बाहेर गेल्यावर खिडकी लावून मला हळू आवाजात वाचून दाखवला. तो बरोबर आहे. सही करायला मी थोडा थांबलो. बाहेर काहीच ऐकू येत नव्हते. मग एक टाळी ऐकू आली, ती नळाच्या बाजूची होती. तिच्यामागून फाटकाकडून जो दंगा उठला त्यात आम्हा दोघांनाही एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. हवालदारांनी बोटाने जागा दाखवली, तिथे मी सही केली.

समक्ष
(सही) गुरुशांत, पोलीस हवालदार

(सही) मा. ये. पांढरे